बेटावर उतरायचं की जहाजावर थांबायचं?

उन्हाळ्यात अमेरिकेत लेकाकडे-लेकीकडे जाणाऱ्या आई-वडिलांचे बेत साधारण ठरलेले असतात. नायगारा होतो, न्यू यॉर्क होतं. मग मुलं म्हणतात, "आई-बाबा, या वेळी क्रूझ करू." मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनव्हरलहून जहाज निघतं. तीन-चार रात्रींचा प्रवास. एक दिवस बहामातलं नासाऊ शहर आणि एक दिवस क्रूझ कंपनीचं स्वतःचं बेट.

बेटाच्या दिवशी सकाळी केबिनमध्ये गडबड उडते. कोण उतरणार, कोण थांबणार? नातवंडं पोहण्याचे कपडे घालून दारात उभी. आजोबांना गुडघ्याची काळजी. आजी म्हणते, "तुम्ही जा, मी बसते." घाईत जे ठरतं ते ठरतं, आणि दिवसभर कोणीतरी मनातून खट्टू राहतं.

ही बोलणी सहलीच्या आठ-दहा दिवस आधी घरी करा. चहाच्या वेळी, सगळे बसलेले असताना करा. प्रत्येकाला वेगळं विचारा. सगळ्या घराने एकच काहीतरी करायला हवं, असा नियम नाही.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पैसे भरलेत म्हणून उतरायलाच हवं असं नाही. तुमच्या भाड्यात जहाजही आहे, त्यावरचं जेवणही आहे, पोहण्याचा तलावही आहे. तुम्ही थांबलात तर काही वाया जात नाही. पण उलटही तितकंच खरं आहे. उतरायची इच्छा असेल तर "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको" म्हणून मागे राहू नका. एवढ्या लांब आलात, तर इच्छा बोलून दाखवा. तोड बहुतेक वेळा निघते.

आधी हे बेट म्हणजे काय ते समजून घ्या.

बहामा हा शेकडो लहानमोठ्या बेटांचा देश आहे. त्यातली काही बेटं किंवा किनारे क्रूझ कंपन्यांनी विकत किंवा भाडेपट्ट्याने घेतले आहेत. नॉर्वेजियन कंपनीने 1977 साली ग्रेट स्टिरप के हे बेट घेतलं, आणि तिथून ही पद्धत रुळली. त्याच्या शेजारचं लिटल स्टिरप के रॉयल कॅरिबियनकडे आहे. त्यालाच आज कोकोके म्हणतात. डिस्नेचं कॅस्टअवे के, हॉलंड अमेरिकेचं हाफ मून के, एमएससीचं ओशन के ही त्याच जातीची नावं. 'के' म्हणजे छोटं बेट, पण उच्चार 'की' असाही ऐकू येईल. गोंधळू नका.

इथे गाव नसतं. बाजार नसतो. लोकांची घरं, शाळा, चर्च असं काही बघायला मिळत नाही. ओशन के तर पूर्वी समुद्रातली वाळू उपसण्याचं ठिकाण होतं. वाळू, खुर्च्या, छत्र्या, जेवणाची जागा आणि पाण्यातले खेळ, हे सगळं जहाजाच्या प्रवाशांसाठीच मांडलेलं असतं. हैतीच्या किनाऱ्यावरचं लाबादी असंच कुंपणाने वेगळं केलेलं ठिकाण आहे. तिथल्या अशांततेमुळे 2024 पासून जहाजांचे थांबे वारंवार रद्द होत आले आहेत.

म्हणून तुम्हाला माणसं, देवळं-चर्चं, बाजार, जुन्या इमारती बघायची आवड असेल, तर तुमचा उत्साह नासाऊच्या दिवसासाठी राखून ठेवा. बेटाच्या दिवशी आराम करा. आणि समुद्रात पाय बुडवून बसायला आवडत असेल, तर बेटावर जरूर उतरा. तिथलं पाणी खरोखर निळं आणि नितळ असतं. आपल्याकडे तारकर्लीला एखाद्या शांत सकाळी जसा तळ दिसतो, त्याहून स्वच्छ दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. जहाज धक्क्याला लागतं, की छोट्या होडीतून जावं लागतं?

हे बुकिंग करतानाच विचारा. कोकोके, कॅस्टअवे के, ओशन के इथे धक्का आहे. जहाजातून उतरलात की सरळ चालत जाता. व्हीलचेअरही जाते. हाफ मून केला मात्र जहाज लांब उभं राहून होड्यांनी माणसं पोचवायची रीत आहे. एल्यूथेरा बेटाच्या दक्षिणेकडच्या प्रिन्सेस केजलाही तसंच. या होडीला जहाजावर 'टेंडर' म्हणतात. काही ठिकाणी नवे धक्के बांधले जात आहेत, म्हणून तुमच्या तारखेला काय असेल ते कंपनीलाच विचारा. तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका.

होडीत चढणं नेमकं कसं असतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या गुडघ्यांचा अंदाज घेता येईल. जहाजाच्या पोटाशी, पाण्याच्या जवळ एक दार उघडतात. बाहेर होडी लागलेली असते. लाटेबरोबर ती वर येते, खाली जाते. दाराशी दोन खलाशी उभे असतात. ते तुमचे दोन्ही हात कोपराखाली घट्ट धरतात आणि होडी वर आली की "आता" म्हणतात. त्या क्षणी एक पाऊल टाकायचं. बस, एवढंच. पण ते पाऊल तुमचं तुम्हालाच टाकावं लागतं. उचलून कोणी नेत नाही. मोठी विजेवरची व्हीलचेअर बहुधा होडीत घेत नाहीत.

रिक्षात चढता-उतरताना तुम्हाला आधार लागत नसेल, तर शांत समुद्रात ही होडी जमेल. बसच्या पायरीला दोघांनी धरावं लागत असेल, तर जहाजावरच थांबा. त्यात कमीपणा काही नाही. पाय घसरून मनगट मोडलं, तर पुढचे दोन महिने परक्या देशात, मुलाच्या घरी प्लास्टरमध्ये काढावे लागतील. दवाखान्याचा खर्च वेगळाच.

होडीत चढताना हात मोकळे ठेवा. पिशवी पाठीला. मोबाइल आत. साडी असेल तर निऱ्या थोड्या वर खोचून घ्या. खरं म्हणजे त्या दिवशी पंजाबी ड्रेस किंवा पँटच बरी. खलाशाच्या हातात हात देऊ नका, त्याला तुमचा हात धरू द्या. त्याची पकड पक्की असते.

धक्का आहे म्हणून चालणं नाही, असं मात्र समजू नका. एल्यूथेरावर डिस्नेचा लुकआउट के नावाचा नवा किनारा आहे. तिथला धक्काच अर्ध्या मैलाच्या आसपास लांब आहे. उन्हातून तेवढं चालून मग पुढची गाडी मिळते. मोठ्या बेटांवर उघड्या गाड्या फुकट फिरत असतात. त्या कुठून कुठपर्यंत जातात, हे आदल्या दिवशी जहाजाच्या काउंटरवर विचारा. जाड टायरची, वाळूत चालणारी व्हीलचेअरही बऱ्याच ठिकाणी मिळते. पण त्या मोजक्याच असतात. लवकर गेलेल्याला मिळतात.

वाऱ्याचीही गोष्ट ध्यानात ठेवा. जोराचा वारा असेल तर कप्तान बेटाचा थांबाच रद्द करतो. होडीच्या ठिकाणी हे जास्त होतं, धक्क्यालाही होतं. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो, आणि आपले आई-वडील बहुतेक याच महिन्यांत अमेरिकेत असतात. थंडीतही उत्तरेचे वारे सुटतात. तेव्हा नातवंडांना "बेटावर नक्की जाणार" असा शब्द देऊ नका. "समुद्र शांत असला तर जाऊ" असं सांगा. थांबा रद्द झालाच तर कप्तानाशी किंवा काउंटरवरच्या पोरीशी वाद घालू नका. हा निर्णय तुमच्या जिवासाठी घेतलेला असतो. कंपनीकडून आगाऊ घेतलेली तिथली तिकिटं असतील तर त्यांचे पैसे परत मिळतात. ते खात्यात आले का, तेवढं बघा.

व्हिसाचं एक सांगायलाच हवं, कारण त्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. "आपण बेटावर उतरलोच नाही तर देश सोडला असं होत नाही," असं लोक म्हणतात. हे चूक आहे. जहाज परदेशात जाऊन येतं. परतल्यावर सगळ्यांची तपासणी होते, उतरलेल्यांची आणि न उतरलेल्यांचीही. म्हणून आई-वडिलांच्या पासपोर्टवरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, ते वाचून घ्या. मुलगा किंवा सून एच-वन-बी वर असेल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर बुकिंगआधीच वकिलाला विचारा. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीनंतर संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची जी सवलत मिळते, ती एच-वन-बी वाल्यांना बहामासाठी नाही. बहामाच्या प्रवेशाचे नियमही कंपनीकडून लेखी मागून घ्या.

आता पैशाचं बोलू. बेटावर काय फुकट आणि काय विकत, याची यादी आधी करा. किनारा, साध्या खुर्च्या आणि दुपारचं साधं जेवण बहुधा भाड्यात असतं. काही ठिकाणी एकच जेवण धरलेलं असतं. छत्री कुठे फुकट, कुठे भाड्याने. तंबूसारखी खोली, जिला कबाना म्हणतात, तिचं भाडं शेकडो डॉलर असतं. कोकोकेच्या वॉटर पार्कचं तिकीट अनेक तारखांना माणशी शंभर डॉलरच्या घरात जातं. चार माणसांचे किती झाले, ते रुपयांत नको, डॉलरमध्येच बघा, पण बघा. ज्या मुलाला उंच घसरगुंड्यांची भीती वाटते, त्याच्यासाठी तिकीट काढू नका. घसरगुंडीला उंचीची अट असते, तीही आधी तपासा. आणि आजी-आजोबांसाठी तर वॉटर पार्कचं तिकीट घेऊच नका. फुकटचा किनारा त्यांच्यासाठी पुष्कळ आहे.

बेटावर रोख पैसे सहसा चालत नाहीत. जहाजाचं कार्डच दाखवायचं असतं. म्हणून मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्या.

जेवणाचं शाकाहारी मंडळींनी विशेष ऐकावं. बेटावरचं जेवण म्हणजे मुख्यतः बर्गर, चिकन, भाजलेलं मांस. शाकाहारी माणसाला भाज्यांचा बर्गर, बटाट्याचे तळलेले काप, सॅलड, फळं एवढंच मिळण्याची शक्यता जास्त. जहाजावरच्या बुफेत मात्र बऱ्याचदा डाळ, भात, एखादी रस्सा भाजी असते. म्हणून सकाळी जहाजावर पोटभर न्याहारी करून उतरा. ज्यांना कांदा-लसूण चालत नाही, त्यांनी दुपारी जहाजावर परत येऊन जेवावं, हे उत्तम. त्यासाठी परतीच्या होड्या दुपारी किती वेळाने आहेत ते विचारून ठेवा.

सोबत शिजवलेले पदार्थ किंवा बुफेतली फळं घेऊन उतरू नका. जहाजाबाहेर ती नेऊ देत नाहीत. बिस्किटं किंवा भाकरवडीचं न फोडलेलं पाकीट चालतं. पाणी भरपूर घ्या. बहामाचं ऊन डोक्यावरून आणि वाळूवरून, दोन्हीकडून लागतं. आपला रंग सावळा म्हणून आपल्याला ऊन बाधत नाही, हा समज सोडा. कातडी भाजते, डोकं दुखतं, उलट्या होतात. उन्हाचं क्रीम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. टोपी दोरीची घ्या, वाऱ्याने उडत नाही.

मधुमेह असलेल्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. हे मी हात जोडून सांगते. पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. दुपारची वाळू तापलेली असते. भाजलेलं कळतच नाही, संध्याकाळी केबिनमध्ये मोजे काढताना फोड दिसतात. प्रवाळाचा तुकडा लागला तरी कळत नाही. पायाला बंद बसणारे रबरी तळाचे बूट घाला, पाण्यातसुद्धा. इन्सुलिन उन्हात पिशवीत ठेवू नका. लागणार असेल तर थंड राहणाऱ्या डबीत न्या, नाहीतर केबिनमध्येच राहू द्या. एक गोड गोळी खिशात असू द्या. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेत असाल, तर उन्हात किती वेळ बसायचं आणि पाणी किती प्यायचं, ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बेटावर प्रथमोपचार मिळतो. मोठं दुखणं निघालं तर माणसाला जहाजावर किंवा विमानाने नेतात. त्याचा खर्च फार येतो, म्हणून विम्यात क्रूझ धरलेली आहे का, ते घरीच वाचून घ्या.

आता समुद्र. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

बेटावरचं पाणी शांत, उथळ आणि सुंदर दिसतं. त्यामुळेच माणूस बेसावध होतो. कोकणातल्या माणसाला पाण्याची ओढ ठाऊक असते. गणपतीपुळ्याला, अलिबागला दरवर्षी बाहेरगावची माणसं बुडतात, ती पाणी वाईट दिसतं म्हणून नव्हे, चांगलं दिसतं म्हणून. तिथेही तसंच समजा. सगळ्या बेटांवर, बेटाच्या सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतीलच असं नाही. जिथे तो बसलेला दिसेल, तिथेच पाण्यात शिरा.

निशाण बघा. हिरवं असेल तर पाणी शांत. पिवळं असेल तर जपून. लाल असेल तर आत जाऊ नका. जांभळं असेल तर पाण्यात जेलीफिशसारखे जीव आहेत. नातवंडांनाही हे रंग शिकवा.

लहान मुलाला हाताच्या अंतरावर ठेवा. म्हणजे हात लांब केला की त्याला स्पर्श व्हायला हवा. फुगवलेल्या हंसावर किंवा चटईवर त्याला एकटं सोडू नका. जमिनीकडून वारा सुटला की अशा वस्तू बघता बघता आत जातात. लाइफ जॅकेट बऱ्याच बेटांवर फुकट मिळतं. नीट बसणारं निवडा, खालचा पट्टाही लावा. आणि मोठ्यांनो, मुलांवर "सगळे लक्ष ठेवताहेत" असं कधी म्हणू नका. सगळे म्हणजे कोणीच नाही. अर्धा तास बाबा, मग अर्धा तास काका, असं नावाने वाटून घ्या. ज्याची पाळी त्याने मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि दारूला हात लावायचा नाही.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग परता. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा.

नाकाला-तोंडाला नळी लावून मासे बघायचा मोह साठीच्या पुढच्यांनाही होतो. करा, पण आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून श्वास जमतो का ते बघा. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दम लागला की लगेच नळी काढा आणि उभे राहा.

साडी नेसून पाण्यात शिरू नका. भिजलेली साडी पायांना गुंडाळते आणि माणसाला खाली ओढते. पोहण्याचा पोशाख घालायचा संकोच वाटत असेल, तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि घोट्यापर्यंतची तशीच विजार मिळते. ती घाला. कोणी वळूनही बघत नाही, आणि ऊनही कमी लागतं.

आता लेकी-सुनांना आणि मुलांना एक विनंती आहे. आईला सामान राखायला बसवू नका. बेटावर आलं की खुर्च्या धरायच्या, त्यांवर टॉवेल टाकायचे आणि "आई, तू बस हं, आम्ही आलोच" म्हणून पाण्यात पळायचं, असं फार घरांत होतं. ती बिचारी चार तास चपला, चष्मे आणि मोबाइल सांभाळत बसते. मौल्यवान वस्तू केबिनच्या तिजोरीत ठेवा. बाकी चपला-टॉवेल कोणी नेत नाही. मग आईचा हात धरून तिला पाण्याच्या काठापर्यंत न्या. तिला गुडघाभर पाण्यात उभं राहायचं असतं. तेवढं पुरेसं असतं, पण ते कोणीतरी सोबत असल्याशिवाय जमत नाही.

आणि जी व्यक्ती जहाजावर थांबणार आहे, तिचाही दिवस आखून द्या. नुसतं "आराम करा" म्हणू नका. कुठला बुफे दुपारी उघडा आहे ते दाखवून ठेवा, कारण त्या दिवशी काही जेवणघरं बंद असतात. दुकानंही बहुधा बंद असतात. पण तलाव रिकामा असतो, लिफ्टला गर्दी नसते, डेकवर सावलीतली हवी ती खुर्ची मिळते. एखादा चांगला दिवाळी अंक जवळ असेल तर तो दिवस फार सुखाचा जातो. केबिनचा नंबर कागदावर लिहून खिशात द्या. काउंटर कोणत्या मजल्यावर आहे ते आदल्या दिवशी चालत जाऊन दाखवा. एकटं बसवत नसेल, तर दोघांनी पाळी करा. सकाळी एकजण उतरतो, जेवायला परततो, मग दुसरा जातो. धक्क्याच्या बेटावर हे सहज जमतं.

उतरायचंच असेल तर सकाळी लवकर उतरा. ऊन कोवळं असतं, सावलीतल्या खुर्च्या मोकळ्या असतात, होडीची रांग छोटी असते. उतरल्या उतरल्या भेटायची एक खूण ठरवा. "खुर्च्यांपाशी" ही खूण नव्हे, खुर्च्या सगळीकडे सारख्याच असतात. जीवरक्षकाच्या मचाणाचा आकडा किंवा गाडीचा थांबा चालेल. मुलांच्या मनगटावर पट्टा बांधून त्यावर केबिनचा नंबर लिहा. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर रोमिंगचं बिल घरी आल्यावर भेटेल.

जहाजावर परतायची शेवटची वेळ ही जहाज सुटायच्या आधीची असते. साधारण अर्धा तास आधी सगळे आत हवेत. ती वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा. शेवटची होडी धरायच्या नादाला लागू नका. त्या वेळी सगळं बेट एकदम रांगेत येतं, आणि दमलेल्या मुलांना घेऊन उन्हात तासभर उभं राहावं लागतं. तासभर आधी निघा. शंख, प्रवाळ, वाळू काही उचलून आणू नका. ते तिथल्या समुद्राचं आहे. जहाजाचे टॉवेल मोजून परत करा, हरवलेल्याचे पैसे खात्यातून कापतात. नळावर पाय धुवा, मुलांना पाणी पाजा, कार्डं हातात घ्या. आणि वर पोचलात की आधी केबिनमध्ये थांबलेल्या माणसाला जाऊन सांगा, सगळे आलो म्हणून.